फिटरकाकांचा नकार

माझ्या तोंडी लागू नये, असं आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. सांगोत बापडे. मालवाहू जहाजांवर माणसं चढवायचं आणि उतरवायचं काम आहे माझं, गेली सव्वीस वर्षं. कुणाच्या बहिणीचं लग्न असतं, कुणाची दाढ ठणकत असते, कुणाला आत्ताच्या आत्ता घरी जायचं असतं, आणि जहाज तर कुणासाठी थांबत नाही. तिथे गुळमुळीत बोलून चालतं का? नाही चालत.

पण मला नुसतं खेकसता येतं असं नाही हं. माणसाला राजी करणं हा माझा हातखंडा. बोलणाऱ्याची माती खपते, गप्प बसणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. साहेब चारचौघांत म्हणायचे, "बाईंनी फोन लावला की समोरचा 'नाही' म्हणायचंच विसरतो." मला त्याचा गर्व होता. होता, असं आता म्हणायचं.

त्या वर्षी लढाई लागली. आमची नव्हती ती. दोन परके मुलूख भांडले आणि त्यांच्यामधला चिंचोळा समुद्र पेटला. आमची जहाजं जाणार तिथूनच, दुसरा रस्ता महिन्याभराचा वळसा. मालाच्या जहाजावर ना तोफ, ना बंदूक. पोटात गहू, वर एकवीस माणसं, आणि आकाशातून ड्रोन की काय ते येऊन आदळणार. ज्यांचं भांडण ते राहिले बाजूला, मार खाणार आमचा स्वयंपाकी आणि इंजिनाला तेल घालणारा आमचा तेलवाला.

त्या पट्ट्यात शिरण्याआधी प्रत्येक माणसाला विचारायचं असा नियम आहे. कागद जातो. जायला राजी असाल तर इथे सही करा, नसाल तर तिथे. जो राजी नसेल त्याला आधीच्या बंदरात उतरवून घरी आणायचं, आणि त्याबद्दल त्याला अवाक्षर बोलायचं नाही. गव्हाच्या जहाजावरून वीस कागद होकाराचे आले. एकविसावा आला फिटरकाकांचा. त्यांनी सही 'नाही'च्या रकान्यात केली होती.

फिटर म्हणजे इंजिनखोलीतला दुरुस्तीवाला. पाइप फुटो, झडप अडकून बसो, काहीही बिघडलं की हाक त्याला. हे आमचे काका सत्तावन्न वर्षांचे. अंगाने किरकोळ, बोलणं कमी, कामाला वाघ. ह्या फेरीनंतर घरी बसायचं त्यांचं ठरलेलं होतं. बदली माणूसही मी ठरवला होता, पण लढाईचं नाव ऐकून तो विमानतळावरून परत फिरला. दुसरा कुणी मिळेना. आणि त्या जहाजाचा एक जुना पंप काकांशिवाय कुणाचं ऐकत नव्हता.

मी जहाजावर फोन लावला.

"काका, तुमचा कागद चुकून आला वाटतं."

"चुकून नाही, ताई. मला उतरायचं आहे."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येत ठणठणीत आहे." मग जरा थांबून म्हणाले, "मला भीती वाटते, ताई."

मी हसले. लपवून काय उपयोग, चांगली खळखळून हसले. "काका, तुम्ही? वाफेचे पाइप हाताने पकडणारा माणूस तुम्ही! तुम्ही घाबरलात असं कळलं तर ती तरणी पोरं काय करतील? तुमच्या भरवशावर राजी झालीत ती." मग चढवलं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर. पंप फक्त तुम्हालाच कळतो. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पलीकडच्या बंदरात बदली माणूस उभा करते, माझा शब्द. मी बोलायला लागले की मला दम लागत नाही.

पलीकडून नुसती इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता तर."

दहा मिनिटांत नवा कागद आला. मी तो साहेबांच्या टेबलावर आपटून ठेवला आणि त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मी दोन कप घेतले.

आता वहिनींचं सांगते. काकांची बायको. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचा. पट्ट्यात शिरताना जहाज आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करतं, कुणाला नेम धरता येऊ नये म्हणून. एरवी घरचे लोक मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघत बसतात. तो दिसेनासा झाला की सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि माझ्या फोनला उसंत नाही. कुणी रडतं, कुणी भांडतं, एकीने तर मला शापच दिला. वहिनी तशा नव्हत्या. रोज पावणेअकराला एक फोन.

"ताई, काही कळलं?"

"सगळे खुशाल आहेत, वहिनी."

"बरं." आणि फोन खाली. तिचं तेवढ्यावर भागतं, असं मी समजत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला निरोप आला. इंजिनखोलीच्या बाजूला ड्रोन आदळला होता. जहाजाला आग लागली. माणसं जहाजाच्या उजवीकडच्या जीवरक्षक होडीत उतरली आणि तासाभराने लढाऊ बोटीने त्यांना उचललं. मोजली तेव्हा वीस भरली. एकविसावे फिटरकाका होडीत नव्हते.

साहेब पांढरे पडले, पण साहेब ते साहेब. म्हणाले, "वीस घरी कळवा, सुखरूप आहेत म्हणून. एकविसाव्या घरी पक्कं कळेपर्यंत काही बोलायचं नाही. नियमच आहे."

मी एकेक नंबर लावत गेले. सुखरूप आहे. सुखरूप आहे. माणसं पलीकडे रडत होती, मला आशीर्वाद देत होती. ते आशीर्वाद माझ्या अंगाला चावत होते. बाराव्या घरी बोलत असताना पावणेअकरा झाले आणि दुसरा फोन वाजायला लागला. नंबर मला पाठ होता. मी तो वाजू दिला. वाजून वाजून थांबला. वहिनी कधी दोनदा फोन करायच्या नाहीत. त्या दिवशी केला.

उरलेली आठ घरं मी शेजारच्या टेबलावर दिली आणि पर्स उचलली.

"कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं.

"वहिनींकडे."

"बाई, मी काय सांगितलं तुम्हाला?"

"साहेब, हे घडलंय ते माझ्या जिभेमुळे. मला काढून टाकायचं तर टाका. बदली माणूस मात्र तुमचा तुम्ही शोधा." आणि मी जिना उतरले.

घर चालत वीस मिनिटांवर होतं. सव्वीस वर्षांत ते अंतर मला कधी कापावंसं वाटलं नव्हतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडंच होतं. आत जमिनीवर पाण्याने भरलेला पत्र्याचा टब, त्यात वेताच्या पट्ट्यांची भेंडोळी, भिंतीशी उतरंडीसारख्या रचलेल्या बिनबैठकीच्या खुर्च्या. खिडकीजवळ एक ठेंगणी बाई मांडीत खुर्ची धरून बैठक विणत होती. मोबाइल तिच्या गुडघ्याशी होता.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

"वहिनी, मी," म्हटलं. एवढंच. पण आवाज तिच्या ओळखीचा होता. तिचा हात थांबला.

"ताई, तुम्ही इथे आलात?" ती हळूच म्हणाली. "इथे कशाला आलात?"

वाटेत मी दहा वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही उपयोगी पडलं नाही. जे होतं ते सांगितलं. आग लागली, वीस मिळाले, काका मिळालेले नाहीत, शोध चालू आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. टबाकडे बघून म्हणाली, "दाताच्या डॉक्टरच्या खुर्च्या आहेत. शनिवारी द्यायच्यात. वेत वाळला तर तुटतो." आणि पट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ताणून धरा."

मी पर्स ठेवली, जमिनीवर बसले आणि धरलं. ती चौकटीच्या भोकातून पट्टी काढायची, समोरच्या भोकात घालायची, मी ओढायची, ती लाकडी खुंटी ठोकून ती पक्की करायची. दोन ओळी झाल्या, चार झाल्या. मध्येच ती हात टबात बुडवून तसेच ठेवायची, जशी काही वेतच काढतेय. मला तिथे बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार?

"वहिनी, आणखी एक सांगायचं आहे. बदली माणूस मिळाला नाही म्हणून काका थांबले, असं तुम्हाला वाटत असेल. पूर्ण खरं नाही ते. त्यांनी नकार कळवला होता. मी फोन करून त्यांना राजी केलं."

"नकार का दिला होता?"

"भीती वाटते म्हणाले."

"असं म्हणाले? ह्याच शब्दांत?"

"हो."

"तुम्हाला म्हणाले." तिने खुर्ची बाजूला सरकवली. "एकतीस वर्षं झाली लग्नाला. वादळात सापडले, एकदा पाय भाजून घरी आले, तेव्हाही मी विचारलं, भीती नाही वाटत? तर म्हणायचे, कसली भीती, बोटीवर काय वाघ आहेत? मला एकदाही सांगितलं नाही त्यांनी. तुम्हाला सांगितलं. मग तुम्ही काय म्हणालात?"

खोटं बोलता आलं असतं. माझ्याइतकं सफाईने कुणाला येणार?

"मी हसले," म्हटलं.

तिचा चेहरा मला आता सांगता येणार नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं, तिचं चाक करकरत होतं. मला वाटलं आता ही मला हाताला धरून बाहेर काढेल, आणि तिने काढलं असतं तर बरंच झालं असतं.

"माणसाने आयुष्यात एकदा तोंड उघडलं," ती म्हणाली, "आणि तू हसलीस."

'तुम्ही'वरून 'तू'वर आली. मला ते बरोबर वाटलं.

"जाते मी, वहिनी."

"कुठे जातेस? बस खाली." तिचा आवाज फाटला. "येऊ देत त्यांना घरी, मग तुला बघते. सोडायची नाही मी तुला. पण आत्ता उठायचं नाही. आत्ता मी एकटी नाही राहू शकत. धर ते टोक."

मी धरलं.

दुपार कशी गेली ते आमचं आम्हाला माहीत. माझी बोटं सोलवटली. मी वेत वाकडा ओढला की ती "अगं, सरळ!" म्हणून ओरडायची, आणि मला, जिच्यासमोर ऑफिसात कुणी ब्र काढत नाही, ते ओरडणं हवंहवंसं वाटत होतं. निदान ती बोलत तरी होती. एकदा ती उठून चहा करायला गेली आणि नुसतीच ओट्याशी उभी राहिली. मग मी चहा केला. साखर कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "ह्यांच्या डब्यात." कुठलाच डबा वेगळा दिसत नव्हता. मी बिनसाखरेचाच दिला आणि ती प्यायली.

मधूनच ती काकांचं सांगायची. घरी आले की पहिले चार दिवस ते मोठ्याने बोलतात, इंजिनखोलीची सवय, मग शेजारी हसतात. नळाची चकती बदलायची तर अख्खा नळ उघडून बसतात. तिच्या खुर्च्या वाहून नेतात आणि जिन्यात थांबून प्रत्येक बैठक हाताने दाबून बघतात. "मी विणलेलं तपासतात," ती म्हणाली. "मला राग यायचा गं." आणि तेव्हा ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

चार वाजून गेल्यावर माझा मोबाइल वाजला. साहेब होते. मला बटण दाबता येईना, वहिनींनीच दाबलं.

"बाई, सापडले," साहेब म्हणाले. "मासेमारीच्या बोटीला सापडले. सहा तास पाण्यात होते. हात भाजलाय, कानांना इजा आहे. शुद्धीवर आहेत. सारंग त्यांच्याजवळ आहे, तो फोन करेल."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांच्या शेजारी. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता रडत होतो, आणि मला आठवतं, तिच्या एका हातात लाकडी खुंटी तशीच होती.

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. अर्ध्या तासाने त्याचा व्हिडिओ फोन आला. आधी दवाखान्याचं छत दिसलं, मग सारंगाची दाढी, मग काका. चेहरा काळवंडलेला, कानांवर कापूस, उजवा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"मला काही ऐकू येत नाहीये!" काका ओरडून बोलत होते. "काहीच नाही! डॉक्टर म्हणतात, एक कान येईल परत कदाचित. तू रडू नकोस. आणि हे बघ, मी शूरपणा वगैरे काही केला नाही हं. मी चुकलो. ह्या जहाजावर माझी होडी उजवीकडे. पण जुन्या जहाजावर अकरा वर्षं ती डावीकडे होती ना, दर आठवड्याला तालीम, दर आठवड्याला डावीकडे. धमाका झाला आणि पाय आपोआप डावीकडे पळाले. तिकडे सगळा जाळ. होडी कुठली? मग मारली उडी. सगळे एका बाजूला आणि मी शहाणा दुसऱ्या!"

वहिनी हसत होत्या, रडत होत्या, आणि बोलत होत्या. ऐकू येत नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत. खुर्च्या, शनिवार, बिनसाखरेचा चहा, सगळं सांगत होत्या. काका तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. "बोल, बोल," म्हणायचे. "कळत नाही, पण बोल तू."

मग तिने फोन माझ्या हातात दिला. "आता तू बोल. जे मला सांगितलंस ते त्यांना सांग."

"त्यांना ऐकू येत नाही, वहिनी."

"तरी सांग."

काकांनी मला प्रत्यक्ष दोन-तीनदाच पाहिलं असेल, पण ओळखलं. मी फोन खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला आणि हात जोडले. म्हटलं, "काका, तुम्ही नाही म्हणाला होतात. तुम्हाला भीती वाटत होती आणि तुम्ही ती मला सांगितलीत. मी ऐकलं नाही. माझं चुकलं, काका." बोलता बोलता मी पुढे झुकत गेले. कुणाला राजी करायचं असलं की मी तशीच झुकते, फोनवरसुद्धा.

काका माझ्या ओठांकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. ते उशीवर मागे सरकले आणि पट्ट्यांतला हात कसाबसा उचलून त्यांनी माझ्यासमोर आडवा धरला.

"नाही, ताई," ते म्हणाले. ह्या वेळी ओरडले नाहीत. "आता नाही. किती जरी समजावलंत तरी आता मी जाणार नाही. मला खरंच भीती वाटते."

वहिनींनी माझा दंड घट्ट पकडला. मी जोडलेले हात सोडले आणि मागे सरले. मग त्यांना ओठांवरून कळावं म्हणून तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "नाही, काका. नाही जायचं." आणि मान हलवली, लहान मुलाला दाखवतात तशी, डावीकडून उजवीकडे.

ते खात्री होईपर्यंत बघत राहिले. मी मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी हात खाली ठेवला.